ऐकणाऱ्याचा चेहरा

दवाखान्यात भिंतीला लागून मांडलेल्या खुर्च्यांवर आम्ही सगळे बसलो होतो. नंबर यायला वेळ होता. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पलीकडे त्यांची मुलगी. गृहस्थांच्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं आणि ते कसं झालं हे ते लेकीला सांगत होते. गोष्ट चांगली रंगात आली होती. माळ्यावरची ट्रंक काढायची होती, शिडी जुनी, खाली फरशी नुकतीच पुसलेली. बोलता बोलता त्यांचा उजवा हात वर गेला, बोटं पसरली, आणि ट्रंकेची कडी हवेत नेमकी कुठे होती ते मला दिसायला लागलं. "कडी हातात आली आणि खालून करकर आवाज. म्हटलं, आता हे काय? खाली बघतो तर..." इथे ते थांबले आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती मोबाईलवर त्यांचाच फॉर्म भरत होती. मान खाली, अंगठे चालू. "हं," ती म्हणाली, आणि मग, "बाबा, तुमची बीपीची गोळी कितीची आहे हो?" त्यांनी सांगितलं. तिने ते टाइप केलं. "हं, बोला ना, ऐकतेय मी." तो हात अजून हवेतच होता. "काही नाही, शिडी सरकली," ते म्हणाले. "थोडक्यात वाचलो. असो." हात खाली आला, मांडीवर टेकला आणि बँडेजचं सुटलेलं टोक आत खोचायला लागला.

मुलीवर राग धरावा असं त्यात काहीच नव्हतं. ती रजा टाकून आली असणार. वडिलांची फाइल तिच्या मांडीवर, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. गोळी कितीची हे तिला नीट माहीत करून घ्यायचं होतं, आणि तेही त्यांच्यासाठीच. तिने त्यांना गप्प बसवलं नाही, विषय तोडला नाही, उलट "बोला ना" म्हणाली. तरीही माझ्या डोळ्यांदेखत एक अख्खी गोष्ट विझली. आत ती होती, शेवटासकट होती, अर्ध्या मिनिटापूर्वी तर ती त्यांच्या बोटांपर्यंत आली होती. मग ती बाहेर का आली नाही? पुढे कित्येक दिवस हा प्रश्न मला सोडेना. खाली पाहिल्यावर त्यांना काय दिसलं ते मला हवं होतं हे खरं, पण त्याहून जास्त छळत होता तो खाली आलेला हात.

याचं एक उत्तर मला पुढे एका प्रयोगात सापडलं. कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. माणसांना सांगितलं होतं की तुम्ही कधी थोडक्यात बचावला असाल तर तो प्रसंग समोरच्या अनोळखी माणसाला सांगा. ऐकणाऱ्यांपैकी काहींना मात्र एक गुपचूप काम दिलेलं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात 'टी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजत राहायचं. आता गंमत बघा, हे काम करायचं तर प्रत्येक शब्द कान देऊन ऐकावाच लागतो. साध्या अर्थाने पाहिलं तर त्यांच्याइतकं बारकाईने दुसरं कुणीच ऐकत नव्हतं. पण प्रसंगाबरोबर होणारी चेहऱ्याची हालचाल त्यांच्याकडून जवळजवळ गेलीच. गाडी अंगावर आली म्हटल्यावर डोळे विस्फारणं, कुणी पडलं म्हटल्यावर स्वतःच्याच अंगावर काटा आल्यासारखं आक्रसणं, सांगणारा अडखळला की त्याचा शब्द पुरा करणं, हे काही उरलं नाही. आणि परिणाम झाला तो सांगणाऱ्यावर. त्यांच्या गोष्टी पडल्या, आणि जिथे रंगायच्या तिथेच, म्हणजे शेवटाला, जास्त पडल्या. कुणी शेवट एकदम गुंडाळला, कुणी तोच तो फिरवून सांगत बसला, कुणी 'तसं ते धोक्याचंच होतं' असं समजावून द्यायला लागला.

हे वाचताना मला दवाखान्यातलं ते 'असो' ऐकू आलं. गोष्ट सांगणारा एकटा गोष्ट सांगत नाही. ती तो समोरच्याच्या चेहऱ्यावर पाय ठेवत ठेवत पुढे नेतो. चेहरा दिसला नाही की पुढचं पाऊल पडत नाही. बोलणाऱ्याकडे गोष्ट असते आणि ऐकणाऱ्याकडे फक्त कान, असं आपण धरून चालतो, आणि तिथेच सगळं चुकतं. त्या संशोधकांनी ऐकणाऱ्यांना सहनिवेदक म्हटलं. मला तो शब्द पटला, कारण त्यात ऐकणाऱ्यावर जबाबदारी येते. 'हं' सगळ्यांनाच म्हणता येतं. मान हलवणंही. ते हुंकार कुठल्याही गोष्टीला चालतात, आजाराच्या आणि लग्नाच्याही. पण शिडी करकरली म्हटल्यावर ज्याचा श्वास क्षणभर अडकतो त्याचा तो श्वास फक्त त्याच गोष्टीसाठी असतो, आणि सांगणाऱ्याला हा फरक तत्काळ कळतो. कसा कळतो ते त्याला विचाराल तर सांगता येणार नाही. पण हात खाली येतो.

इतकं असूनही ऐकणं आपल्याला जड का जातं? वेळ नसतो, मन थाऱ्यावर नसतं, हे तर आहेच. पण त्याहून खोल काहीतरी असावं असं मला वाटत आलंय. जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा ध्वनिमुद्रित करून, होकार किंवा नकार मागणाऱ्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागतो हे २००९ साली संशोधकांनी मोजलं. सरासरी निघाली सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास. जपानीत अंतर सगळ्यांत कमी, डॅनिशमध्ये सगळ्यांत जास्त, तरी सगळा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आतला. दुसरीकडे, एखादं चित्र बघून साधा एक शब्द तोंडातून काढायला माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं वाक्य आत तयार व्हायला लागलेलं असतं. त्याशिवाय हा वेग शक्यच नाही. ऐकणारा हा अर्धा बोलणाराच असतो, सगळीकडे, सगळ्या भाषांत.

हे तयार वाक्य दिसतं. त्याला शरीर असतं. तुम्ही कुणाला काही सांगत असता आणि समोरच्याचे ओठ किंचित विलग होतात, खांदे जरासे वर उचलले जातात, तो श्वास आत घेतो आणि तसाच धरून ठेवतो. त्याने अजून तोंडातून एक अक्षर काढलेलं नसतं. पण तुम्ही लगेच भरभर बोलायला लागता, मधले तपशील गाळता, 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणता. खरं तर थोडक्यात सांगायचं नसतंच. कित्येक नवराबायकोंची अर्धी भांडणं त्या धरून ठेवलेल्या श्वासावर होत असतील असं मला वाटतं. "मी कुठे काय बोललो?" असं तो विचारतो आणि ते खरंही असतं. बोलला नव्हताच तो. फक्त बोलायच्या तयारीत होता, आणि तेवढं पुरतं.

आणि डॉक्टरांच्या खोलीत तर हा श्वास फार महाग पडतो. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. रुग्णाने आपल्याला काय होतंय ते सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबवलं होतं. हा आकडा बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. त्याच्या पुढचा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. स्वित्झर्लंडमधल्या काही डॉक्टरांनी ठरवून असं केलं की रुग्ण बोलायला लागला की मध्ये बोलायचं नाही, तो आपणहून थांबेपर्यंत ऐकायचं. ३३५ रुग्ण झाले. माणसं सरासरी ९२ सेकंद बोलली. दर दहांतली जवळजवळ आठ दोन मिनिटांच्या आत थांबली. पाच मिनिटांच्या वर गेले फक्त सात जण, आणि त्या सातही जणांकडे खरोखर सांगण्यासारखं होतं असं डॉक्टरांचंच मत पडलं. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. 'एकदा बोलायला दिलं की माणूस थांबतच नाही' ही आपल्या मनातली धास्ती किती मोठी आणि खरा वेळ किती लहान. दीड मिनिट. तेवढ्यासाठी आपण एकमेकांना आयुष्यभर तोडत असतो.

माझ्या ओळखीत उत्तम ऐकणारं माणूस कोण, असं विचाराल तर एकच नाव येतं: माझी मावशी. आणि तिला एका कानाने ऐकूच येत नव्हतं. लहानपणी कान फुटला, उपचार धड झाले नाहीत, उजवा कान कायमचा गेला. पुढे वयाबरोबर डावाही मंदावला. तिच्याकडे काही सांगायला गेलं की ती आधी हातातलं काम खाली ठेवायची. मग म्हणायची, "थांब, चष्मा लावू दे, त्याशिवाय ऐकू येत नाही." आम्ही पोरं खिदळायचो. मग ती आपल्याला खिडकीकडे तोंड करून बसवायची, स्वतः उजेडाकडे पाठ करून समोर बसायची, डावी बाजू किंचित पुढे, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे. आपण काही फार महत्त्वाचं सांगायला आलोय असं वाटायला लागायचं. आपल्या तोंडावर उजेड पडावा म्हणून ही सगळी मांडामांड, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ती ओठ वाचत होती.

चष्म्याचं तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी दाखवून दिलं की कानावर 'बा' असा आवाज पडत असेल आणि त्याच वेळी समोर 'गा' म्हणणारे ओठ दिसत असतील, तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतं. यात काय चाललंय ते माहीत असूनही ऐकू यायचं ते 'दा'च येतं; डोळे मिटले की पुन्हा 'बा'. म्हणजे ज्याला आपण ऐकणं म्हणतो त्यात डोळे पहिल्यापासून सामील असतात, धडधाकट कानांच्या माणसाचेसुद्धा. मावशीचं एवढंच की तिला ते सोडून देण्याची सोय नव्हती. भिंतीकडे बघत, भांडी लावत, वर्तमानपत्र चाळत तिला ऐकता यायचं नाही. त्यामुळे तिने ऐकायचं ठरवलं की ते अख्खं ऐकणं असायचं. मी बारावीला असताना एकदा घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. ती गोष्ट आता फारशी महत्त्वाची नाही. सांगताना तिचा चेहरा मात्र लख्ख आठवतो. मी अगदी कोरड्या आवाजात, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगत होते, आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गोळा होत होत्या, खालचा ओठ जरासा थरथरत होता. माझ्या चेहऱ्याने जे करायला नकार दिला होता ते तिचा चेहरा करत होता. तो पाहून मला रडू फुटलं. तिने ना उपदेश केला ना विचारपूस. चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. म्हणजे अजून काही असेल तर ऐकायला ती बसलेली होती.

तिचं दुसरंही एक चित्र आहे आणि तेही सांगायला हवं. चारचौघांत, पाचसहा जण एकदम बोलायला लागले की तिचं सगळं संपायचं. या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर डोळे पळवत ती थकून जायची, मग बाकीचे हसले की हसायची, एका ओळीने उशिरा. ते उशिरा येणारं हसू मला बघवायचं नाही. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल झालेले असायचे. चष्मा काढून ती घडी करून उशाशी ठेवायची आणि आम्हाला समजायचं, आता मावशीशी बोलायचं नाही. ऐकणं तिच्यासाठी मेहनत होती, अंग दुखवणारी. आम्हाला जे लाड वाटायचे त्यात तिची निकड किती होती ते आम्ही कधी पाहिलंच नाही.

त्यातली माया किती आणि निकड किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

मावशीला ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापुढे देहबोलीच्या पुस्तकी क्लृप्त्या टिकत नाहीत. हाताची घडी म्हणजे विरोध, नाकाला हात म्हणजे खोटं, डोळे एका बाजूला गेले म्हणजे बनाव, अशी कोष्टकं आज कुठेही मिळतात. त्यांच्या मुळाशी बहुधा एक आकडा ठेवलेला असतो: संवादातला ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून तो निघाला. त्यांत माणसांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि विचारलं होतं एवढंच की बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल काय वाटतंय. शब्द एक सांगत असतील आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तर माणसं कशावर भरवसा ठेवतात, इतकाच तो मुद्दा. हे भावनांच्या आणि आवडीनिवडीच्या बोलण्यापुरतंच आहे असं पुढे स्वतः मेहराबियन सांगत राहिले. पण आकडा सुटला तो सुटलाच. खोटं ओळखण्याचंही तसंच. शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २००६ साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा माणसं खरंखोटं ओळखण्यात ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवून जे मिळतं त्याच्या जरा वर.

मला राग येतो तो आकड्याचा नाही, त्यामागच्या नजरेचा येतो. समोरचा माणूस म्हणजे फोडायचं कुलूप, असं शिकवलेली नजर ऐकूच शकत नाही. एका मुलाखतीच्या वेळी मी बाजूला बसले होते. उमेदवार मुलगा नीट विचार करून, थांबत थांबत उत्तरं देत होता, आणि टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. तो गेल्यावर एक जण म्हणाले, "पाय बघितलात? आत्मविश्वास नाही." त्याने काय सांगितलं त्यावर नंतर कुणी बोललंच नाही. त्याला थंडी वाजत असेल, रात्रभर झोप नसेल, किंवा पाय हलवल्याशिवाय त्याला विचार करता येत नसेल. पाय बघून थांबायचं नसतं. पाय बघावा आणि मग विचारावं, पाणी हवंय का. शब्दांपलीकडचं जे दिसतं ते प्रश्न विचारायला उपयोगी पडतं, निकाल द्यायला नाही.

तेच डोळ्याला डोळा भिडवण्याचं. ऐकणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, मान हलवावी, त्याचंच वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावं, असे धडे दिले जातात. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फारसन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली या ऐकण्याबद्दल लिहिलं तेव्हाच बजावलं होतं की समोरच्याबद्दल मनात खरी आस्था नसेल तर हे तंत्र म्हणून वापरता येणार नाही. तंत्र तेवढं उरलं, अट गळाली. आणि बघण्याचं म्हणाल तर अवघड प्रश्न पडला की माणूस नजर बाजूला नेतो, तसं केल्यावर त्याला आठवायला सोपं जातं, हे तपासून पाहिलेलं आहे. काहींना दुसऱ्याच्या डोळ्यांत बघणं हाच त्रास असतो, स्वमग्न माणसांपैकी अनेकांना तर फारच. ती खाली बघून सगळं ऐकत असतात. माझा मुलगा सोळासतराचा असताना समोरासमोर बसवून काही विचारलं की 'ठीक आहे'च्या पुढे जायचा नाही. गाडीत मात्र, रात्री, मी चालवत असताना, दोघांची तोंडं एकाच दिशेला असली की बोलायला लागायचा. माझी नजर रस्त्यावर आहे हे त्याला पक्कं ठाऊक असायचं आणि त्यामुळेच त्याला बोलता यायचं. त्या वेळी माझ्या ऐकण्याचा चेहरा म्हणजे माझे स्टिअरिंगवरचे हात असावेत. त्याने काही अवघड सांगितलं की ते आवळले जात नाहीत ना, इकडे तो बघत असायचा. मी ते सैल ठेवायला शिकले. घर आलं तरी बोलणं चालू असेल तर अजून एक चक्कर मारून यायची.

मग चेहराच नसेल तर? फोनवर बोलताना आपण हातवारे करतो, ते बघायला पलीकडे कुणी नाही हे माहीत असून. त्याहून नवल वाटलं ते १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाचं: जन्मापासून दृष्टिहीन असलेली मुलंसुद्धा बोलताना हात हलवतात, आणि समोरचा ऐकणाराही दृष्टिहीन आहे हे सांगितलेलं असताना हलवतात. त्यांनी कधी कुणाचे हात हलताना पाहिलेले नाहीत. म्हणजे बोलणाऱ्याचे हात दुसऱ्याला दाखवण्यापुरते नसतात. त्याचं त्यालाच सापडत असतं काहीतरी, त्या हालचालीतून. आणि हे कळल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेकडे गेलेला तो हात मला वेगळाच वाटायला लागला. ते गृहस्थ लेकीला दाखवत होते, आणि पुन्हा एकदा त्या शिडीवर उभेही होते. घाबरलेल्या माणसाला तिथे पुन्हा जाऊन, या वेळी कुणाला तरी बरोबर घेऊन, खाली उतरायचं असतं.

शब्दांवाचून, चेहऱ्यावाचून ऐकणारी एक माझी मैत्रीण आहे. जीव नकोसा झालेल्या माणसांसाठी जी फोनसेवा चालते तिथे ती बसते. या कामाची सुरुवात लंडनमध्ये १९५३ साली चाड वारा या धर्मगुरूने केली. माणसं त्याला भेटायला येत, आणि त्याच्या खोलीबाहेर थांबलेल्यांची सोबत करायला काही स्वयंसेवक बसत. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की बाहेर बसलेल्या त्या साध्या माणसांशी बोलून झाल्यावर अनेकांना त्याला भेटायची गरजच उरत नाही. ती तशीच परत जात, हलकी होऊन. आपल्याकडे ज्ञान आहे, अनुभव आहे, पद आहे, आणि उपयोग मात्र बाहेर बसलेल्यांचा होतोय, हे मान्य करायला मोठं मन लागतं. त्याने ते केलं. १९५४च्या फेब्रुवारीत ऐकण्याचं काम त्याने त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिलं.

मैत्रीण सांगते, प्रशिक्षणात सगळ्यांत जास्त वेळ गेला तो सल्ला देण्याची सवय सोडण्यात. जीभ आवरता येते, पण सल्ला श्वासातून बाहेर पडतो, म्हणते ती. फोनवर तर श्वासच ऐकू येतो, दुसरं काही नसतंच. पलीकडचा माणूस गप्प झाला की ती गप्पपणा मोजत नाही, भरत नाही. बारीक कान करून बसते. रडण्याची शांतता वेगळी, ठरवण्याची वेगळी, आणि कुणीतरी खोलीत आलं म्हणून ओढवलेली वेगळी, हे तिला आता आवाजावाचून कळतं. "मी इथे आहे" एवढंच ती मधूनमधून म्हणते. तेही हळू, त्या माणसाच्या श्वासाच्या लयीत. हे सांगताना तिचा स्वतःचा आवाज खाली येतो, आणि नुसतं ऐकत असतानाही मला माझे खांदे खाली आल्याचं जाणवतं.

शिफ्ट संपली की घरी चालत जाताना ती मला फोन करते. आत काय ऐकलं ते ती कधीच सांगत नाही, ते सांगायचं नसतंच. ती सांगते जिन्यात दिवा नव्हता, पाय दुखतात, उद्या लवकर उठायचंय. मी हुंकार देत राहते. हे असलं काहीबाही बोलूनच तिच्या डोक्यातला तो दुसरा आवाज बाजूला होत असावा. कुणाचंतरी तासन्‌तास ऐकून आलेल्या माणसाला स्वतःचा आवाज परत ऐकावासा वाटतो, बाकी काही नको असतं, हे मी तिच्याकडून शिकले. पण मुरलेले कान ते. एखाद्या दिवशी माझा हुंकार जरासा लवकर पडतो, किंवा नुसताच जड येतो. मला त्याची जाणीवही नसते. ती बोलता बोलता थांबते. पलीकडे पावलांचा आवाजही थांबतो, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभीच राहिली असणार. "माझं राहू दे," ती म्हणते, "तुझं काय झालंय ते आधी सांग." आणि मग त्या दिवशी मीच बोलते.